गूगल ट्रेंड्सवरून लोकांच्या मनात काय चाललंय ते खरंच कळतं का?

खामल्याचा_वाचक

मंडळी, एक विचारायचं होतं. आमच्या सोसायटीत कोजागिरीला दरवर्षी काहीतरी खेळ असतो, अंताक्षरी आणि हाउजीला लोक कंटाळले म्हणून यंदा मी बोलून गेलो की "भारत काय शोधतो" असं क्विझ घेऊ, गूगलवर लोकांनी काय काय शोधलं ते ओळखायचं. सगळ्यांना आवडलं आणि काम अर्थातच माझ्याच गळ्यात पडलं. सध्या रोज रात्री जेवण झालं की गूगल ट्रेंड्स, म्हणजे कुठला शब्द कधी, कुठे किती शोधला जातो ते दाखवणारी गूगलची साइट, उघडून बसतो आणि जितकं पाहतो तितका गोंधळ वाढतो.

वर्षाअखेरीला गूगल ज्या याद्या काढतं त्या घ्या. २०२०, २०२१, २०२२, तिन्ही वर्षी भारतात पहिला नंबर आयपीएल. २०२० मध्ये कोरोना दुसरा! आमचे सेक्रेटरी काका म्हणाले झालं की मग, देशाला क्रिकेटशिवाय काही सुचत नाही, यात ओळखायचं काय. पण त्याच यादीत खाली उतरलं की भलतंच दिसतं. २०२० ला "कसं करायचं" मध्ये सगळ्यात वर पनीर कसं बनवायचं, मग इम्युनिटी कशी वाढवायची, डालगोना कॉफी, घरी सॅनिटायझर. आणि त्याच वर्षी "जवळपास कुठे मिळेल" च्या यादीत पहिलं काय, तर फूड शेल्टर, आणि थोडं खाली दारूचं दुकान आणि नाइट शेल्टर. म्हणजे काही लोक घरात कॉफी फेटत होते आणि काही लोक फुकट जेवण कुठे मिळतं ते शोधत होते, आणि हे एकाच देशात एकाच उन्हाळ्यात. लॉकडाऊनमध्ये घरी निघालेले मजूर आपल्या नागपूरवरूनच तर जात होते, हैदराबादकडून जबलपूरकडे हायवेनं चालत, बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. हे दूध पिता पिता विचारायचं की नाही तेच कळेना.

दुसरं, ते आकडे. एखादा शब्द टाकला, महाराष्ट्र निवडला, की कुठलं तरी छोटं गाव १०० वर असतं आणि मुंबई २० वर, पुणे २५ वर. नागपूर मध्येच कुठेतरी. मुंबईपेक्षा त्या गावात पाचपट लोक शोधतात हे काही पटत नाही.

पण खरा प्रश्न असा की यातून लोकांना कशाचं कुतूहल आहे ते कळतं, की आदल्या रात्री टीव्हीवर काय दाखवलं तेवढंच कळतं? कोणी यात काम केलं असेल तर सांगा.

---

मिहानवाला

डेटाचंच काम करतो म्हणून लिहितो, लांबेल जरा.

आधी १०० चं. १०० म्हणजे शंभर लोक नाही, शंभर हजारही नाही. ट्रेंड्स तुम्हाला खरा आकडा कधीच दाखवत नाही. त्या गावात त्या काळात जेवढे एकूण सर्च झाले त्यातले किती टक्के तुमच्या शब्दाचे, हे काढतात, आणि ज्याचा टक्का सगळ्यात जास्त त्याला १०० म्हणतात, बाकीचे त्याच्या प्रमाणात. मुंबईत लोक दिवसभर लोकल, फ्लॅट, रेस्टॉरंट, शेअर, नोकऱ्या असं हजार गोष्टी शोधतात, त्यात तुमचा शब्द पातळ होतो. छोट्या गावात एकूण सर्चच कमी, त्यामुळे तिथे थोडे लोक शोधले तरी टक्का वर जातो. त्यात हे सगळं नमुना घेऊन काढतात, पूर्ण डेटावर नाही, म्हणून तोच शब्द परवा टाकला तर आकडा जरा इकडेतिकडे झालेला दिसेल. अगदी कमी शोधलेलं असेल तर सरळ ० दाखवतात, त्याचा अर्थ कोणीच शोधलं नाही असा नाही.

ग्राफचंही तसंच. २००४ पासूनचा डेटा आहे, मोदक टाकून पाहा. दरवर्षी गणपतीच्या वेळी एक सुळका आणि बाकी वर्षभर सपाट. सुळक्याचं टोक म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या तुलनेत.

आता वर्षाअखेरीची यादी. यातच सगळे फसतात. ती "सगळ्यात जास्त शोधलेलं" ची यादी नाहीच, ती "मागच्या वर्षीपेक्षा सगळ्यात जास्त उसळलेलं" ची आहे. खरोखर सगळ्यात जास्त टाइप होणाऱ्या गोष्टी म्हणजे यूट्यूब, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब असली नावं, लोक पत्ता टाकायच्या ऐवजी गूगलमध्ये नाव टाकतात, आणि त्यात काय कुतूहल. ज्या घरात रोज भांडण होतं त्याची गल्लीत चर्चा होत नाही, पण ज्या घरातून कधी आवाज येत नाही तिथे एक ताट पडलं तरी सगळे गॅलरीत येतात, तसली ही यादी आहे. म्हणून रोजचं कुतूहल तिच्यात सापडणारच नाही, तुम्ही चुकीच्या जागी शोधताय.

आणि सुळका मोठा म्हणजे माणसं खूप, असंही नाही. २०१६ ला ब्रिटननं युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं मत दिलं, दुसऱ्या दिवशी जगभर बातमी, की मत देऊन झाल्यावर ब्रिटिश लोक गूगलवर विचारताहेत, युरोपियन युनियन म्हणजे काय. सगळे हसले. पण ज्या प्रश्नाला एरवी कोणी विचारतच नाही तो थोड्या लोकांनी विचारला तरी ग्राफ उभा राहतो, आणि ते विचारणारे मतदार होते की शाळेतली पोरं की मत न दिलेले, हे ग्राफवरून कळत नाही. लोकांनी मात्र अख्खा देश मूर्ख ठरवून टाकला.

आपलं घरचं उदाहरण द्यायचं तर ३० मे २०२४ आठवा. नागपूर ५६ डिग्री! रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक स्टेशननं ५६ दाखवलं, देशभर फोन फिरले, मला बंगलोरच्या मित्रांचे मेसेज की जिवंत आहेस का. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी ज्यानं ज्यानं नागपूरचं तापमान शोधलं त्याचं कुतूहल शंभर टक्के खरं, आणि ज्याबद्दल कुतूहल होतं ती गोष्ट खोटी. ट्रेंड्समध्ये फक्त पहिलं दिसतं.

---

तर्री_पोहे

५६ खोटं होतं हे मान्य पण त्या दिवशी मी गाडीवर सिव्हिल लाइन्सला गेलो होतो, मले तरी खरंच वाटलं 😅

---

सेतूवाला_भाऊ

मिहानवाले भाऊ बरोबर सांगून राह्यले पण एक गोष्ट सुटली. शोधणारा आन विचारणारा एकच माणूस असते का?

मी मानेवाड्याकडं सेतू चालवतो, झेरॉक्स, आधार, पॅन, दाखले, सगळं. दिवसभर गूगल मीच करतो पण प्रश्न माह्या एकाचाही नाई. लोकं चिठ्ठी घेऊन येते, मोबाइलमधला फोटो दाखवते, नाईतर नुसतं म्हणते "ते बँकेतून सांगतलं ते करून द्या". ते म्हणजे काय ते मले शोधा लागते. तुमच्या त्या यादीत जे येते ना ते बरंचसं असंच आलेलं असते, लिहून घ्या.

२०१७ ला "कसं करायचं" मध्ये पहिलं काय होतं सांगा? आधार पॅनला लिंक कसं करायचं. कोणाले कुतूहल होतं का त्याचं? सरकारनं सांगतलं करा म्हणून केलं. २०१९ च्या यादीत परत तेच. २०२१ ला लसीची नोंदणी कशी करायची, २०२२ ला लसीचं सर्टिफिकेट कसं डाउनलोड करायचं, आन २०२२ मध्ये दुसऱ्या नंबरवर होतं पीटीआरसी चलान कसं डाउनलोड करायचं. अख्ख्या भारताच्या यादीत! हे पीटीआरसी म्हणजे प्रोफेशनल टॅक्सचं, ज्याच्याकडं पगारी माणसं कामाला आहे त्यानं पगारातून कापून भरायचं, आन ते बहुतेक आपल्या महाराष्ट्रातलंच प्रकरण. म्हणजे इथले अकाउंटंट आन त्याईच्या ऑफिसातले पोट्टे एवढे त्या साइटवर अडकले की देशाच्या यादीत नंबर लागला. चौथ्या नंबरवर ई-श्रम कार्ड, ते तर मी एकेका दिवसात पोतंभर काढले.

लाडकी बहीण आठवा, जुलै २०२४. पहिले म्हणे वय ६० पर्यंत, मग ६५ झालं. पहिले पाच एकराची अट, मग काढली. डोमिसाइल नाई तर पंधरा वर्षं जुनं रेशन कार्ड चालते म्हणे, नाईतर शाळा सोडल्याचा दाखला. दर बदलाला बाया परत लाइनमधी, आन मी परत गूगलवर. नवीन जीआर आला की सर्च वाढते, कारण जीआर कोणाले समजत नाई, मलेच दोनदा वाचा लागते. सरकारनं साध्या भाषेत एक पान लिहून भिंतीवर लावलं असतं तर गूगलवर अर्धे सर्च झालेच नसते. त्याले तुम्ही देशाचं कुतूहल म्हणाल तर म्हणा बापा.

सातबारा तसाच. पावसाळ्यापूर्वी, कर्जाच्या वेळेला, वारसाची नोंद करा लागली की. जमीन कोणाच्या नावानं आहे हे माणसाले आपल्या भावाले विचारता येत नाई, म्हणून तो माह्याकडं येते आन हळूच म्हणते नंबर टाकून पाहा बरं. हे मात्र कुतूहल असते, आन लई खोलवरचं असते.

---

मिहानवाला

भाऊ यात एक गंमत आहे. एकाच माणसाकडून थोड्या वेळात परत परत तेच शोधलं गेलं तर ट्रेंड्स ते गाळतं. म्हणजे तुम्ही दुपारभर पन्नास बायांसाठी एकच गोष्ट शोधली तर तुमचे पन्नासच्या पन्नास काही धरले जात नाहीत. सेतूवर येणारा माणूस त्या ग्राफमध्ये आहे त्यापेक्षा कमीच दिसतो, आणि आपण म्हणतो "देश" असा शोधतो.

---

सेतूवाला_भाऊ

घ्या! मंजे आम्ही करा आन आमचीच गिनती नाई 😂

---

महालची_बाई

मी शाळेत मराठी शिकवते, माझा अनुभव जरा वेगळा. तुम्हाला वर्षाचं कॅलेंडर पाहायचं असेल तर "भाषण मराठी" आणि "निबंध मराठी" टाकून पाहा. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाचं भाषण, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाचं, सप्टेंबरला शिक्षक दिनाचं, मध्ये सावित्रीबाई, टिळक, आंबेडकर जयंती. पोरांना यातल्या कोणाबद्दलच कुतूहल नसतं हो, पोरांना उद्या सकाळी वर्गापुढे उभं राहायचं असतं आणि आई रात्री दहाला मोबाइल घेऊन बसलेली असते. मग वर्गातल्या निम्म्या पोरांची भाषणं "सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या बालमित्रांनो" पासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच. मी पोळ्यावर निबंध दिला तर एकानं लिहिलं होतं आमच्या गावी बैलांना नदीवर नेतात, तो राहतो चितार ओळीत. तान्हा पोळा त्याच्या घरासमोरून जातो, लाकडी नंदी, मारबत, सगळं जन्मापासून पाहतोय, त्यातलं एक अक्षर नाही निबंधात. कारण सर्चमध्ये जे पहिलं आलं ते उतरवलं.

म्हणजे आईबाप काय शोधतात ते यात दिसतं आणि शाळा काय मागते ते दिसतं. पोराच्या डोक्यात काय आहे ते पाहायचं तर तो कोणाचं लक्ष नसताना काय विचारतो ते पाहायला पाहिजे. माझा भाचा फोनला विचारत होता की पालीची शेपटी तुटली तर तिला दुखतं का. असा प्रश्न कोणत्या यादीत येणार?

दुसरी गोष्ट बोलून शोधणाऱ्यांची. गूगलनं मराठी बोलून टाइप करायची सोय आणली २०१७ मध्ये, त्याच्या आदल्या वर्षी जिओ आलं होतं, आणि आमच्या घरी तेव्हापासून सासूबाईंचं राज्य. त्या शब्द टाकत नाहीत, गप्पा मारतात फोनशी. "अरे ते सांडग्याला कोहळा किती घालू रे आणि ऊन नसेल तर काय करू" असं सगळं एका दमात. आणि उत्तर आलं की "बरं बाबा" म्हणून ठेवून देतात. त्यांच्या वयाच्या बायका आधी कुठे मोजल्याच जात नव्हत्या, त्यांचे प्रश्न शेजारीण, जाऊ, विहिणबाई यांच्याकडे जायचे आणि तिथेच विरायचे. आता निदान कुठेतरी नोंद होते म्हणायची. पण एवढं लांबलचक वाक्य ग्राफमध्ये धरतात का हो मिहानवाले?

---

मिहानवाला

नाही ताई, जवळजवळ नाही. एवढं अख्खं वाक्य दुसरं कोणी तसंच्या तसं बोललेलं नसतं, त्यामुळे ते शब्द म्हणून ग्राफमध्ये येत नाही. तिथे शोधताना दोन पर्याय असतात. एकात तुम्ही टाकलेली अक्षरंच मोजतात, दुसऱ्यात तो विषय, म्हणजे वेगवेगळ्या भाषेत आणि स्पेलिंगमध्ये विचारलेलं एकत्र. फक्त अक्षरं निवडली तर देवनागरीतली पुरणपोळी वेगळी, इंग्रजी अक्षरातली वेगळी, जोडून लिहिलेली वेगळी, तोडून लिहिलेली वेगळी. मध्ये अधिकचं चिन्ह टाकून चारही एकत्र मोजता येतात, पण ते कोण करतं. मराठीत काय शोधतात असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर आधी विचारा कुठल्या लिपीत मोजलं. आपले लोक मराठीत विचार करून इंग्रजी अक्षरात टाइप करतात आणि निम्मा वेळ हिंदीत.

---

खामल्याचा_वाचक

बापरे. क्विझ राहिलं बाजूला, मी आता पुरणपोळीची स्पेलिंगं मोजत बसणार. पण एक वाटतं, सेतूवाले भाऊ आणि ताई दोघंही म्हणतात की हे कुतूहल नाहीच, काम आहे. मग खरं कुतूहल म्हणावं असं काहीच नाही का यात?

---

पेठेतला_एक

आहे की. आणि ते बघून जरा लाज वाटते एवढं खरं आहे.

ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक, बॅडमिंटनची पी. व्ही. सिंधू फायनलला गेली, सिल्व्हर मिळवलं. देशभर तिचं नाव शोधलं जात होतं आणि त्या नावाबरोबर सगळ्यात जास्त कुठला शब्द जोडला जात होता त्यात वर होता "जात". आंध्र आणि तेलंगणातून सगळ्यात जास्त, तिच्यावर दोन्ही राज्यांचा हक्क सांगणं चालू होतंच. यावर कोणी जीआर काढला नव्हता, शाळेनं होमवर्क दिला नव्हता, बँकेनं चिठ्ठी दिली नव्हती. लोकांना आपणहून जाणून घ्यायचं होतं. शंभर टक्के शुद्ध कुतूहल.

सर्व्हेवाला दारात येऊन विचारेल की खेळाडूची जात तुमच्यासाठी महत्त्वाची आहे का, तर सगळे म्हणतील छे छे. गूगलसमोर कोणी छे छे म्हणत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली, आठ तारखेला रात्री आठ वाजता भाषण, आणि काही तासांत काळा पैसा पांढरा कसा करायचा हे शोधणं एकदम उसळलं. गुजरात सगळ्यात वर होतं असं तेव्हा छापून आलं होतं. आता हे विचारणाऱ्या प्रत्येकाकडे काळा पैसा होता असं नाही, ज्यांच्याकडे खरोखर असतो त्यांचे सीए असतात, ते कशाला गूगल करतील. पण कल्पना करायला सगळ्यांनाच आवडतं.

आणि नागपूरकरांनी हसू नये. तुमच्याकडे नवीन शेजारी आला की पहिल्या पाच मिनिटांत "तुम्ही कुठले?" आणि मग "तिकडे ते अमुक आडनावाचे, ते तुमचे कोण?" हे आम्ही पुण्यात आडून विचारतो, तुम्ही सरळ विचारता, एवढाच फरक.

---

तर्री_पोहे

सरळ विचारतो आन चहा पण पाजतो, ते विसरले 😄

---

धंतोली_मेडिकल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. औषधाचं दुकान आहे, धंतोलीत म्हणजे नागपूरच्या हॉस्पिटलांच्या गर्दीत, तर थोडं तिकडचं.

एप्रिल-मे २०२१ ज्यांनी इथे काढला ते विसरणार नाहीत. त्या वर्षीच्या "जवळपास" च्या यादीत लस, कोविड टेस्ट, घरपोच जेवण आणि ऑक्सिजन सिलिंडर, आणि "कसं करायचं" मध्ये तिसऱ्या नंबरवर ऑक्सिजन लेव्हल कशी वाढवायची. हे आयपीएलच्या खाली आलं म्हणून कमी महत्त्वाचं होतं का, नाही. आयपीएल शोधणारा स्कोअर पाहून मोबाइल ठेवतो. सिलिंडर शोधणारा पहाटेपर्यंत शोधत बसतो, एकेका नंबरला फोन लावतो, तो बंद, मग पुढचा. ट्रेंड्समध्ये दोघांचं वजन सारखं.

गूगलनं २००८ ला फ्लू ट्रेंड्स म्हणून काढलं होतं, अमेरिकेत लोक काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ किती आहे ते सरकारी आकड्यांच्या आधी सांगायचं. सुरुवातीला वाहवा झाली. मग २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्यांचा अंदाज खऱ्या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला आणि २०१५ ला बंद केलं. कारण असं की टीव्हीवर फ्लूच्या बातम्या वाढल्या की धडधाकट माणूसही लक्षणं शोधतो. मला यात आश्चर्य वाटलं नाही. पेपरात डेंग्यू छापून आलं की माझ्याकडे दुसऱ्या दिवशी प्लेटलेट वाढवायची गोळी मागणारे येतात, ज्यांना तापही नसतो. भीती आधी येते, ताप नंतर, कधी येतच नाही. पण त्याच यादीचा एक उपयोगही आहे. कोणत्या गल्लीत साथ आहे ते नाही कळत, लोक कशाला घाबरलेत ते बरोबर कळतं, आणि डॉक्टरनं काय समजावून सांगायला पाहिजे तेही.

आणि पेठेतले, तुम्ही म्हणता ते खरं कुतूहल मलाही दिसतं पण वेगळ्या ठिकाणी. दुकानात काही गोष्टी लोक गर्दी कमी व्हायची वाट पाहून विचारतात. बाया तर नवऱ्याला बाहेर गाडीवर थांबवून येतात, किंवा चिठ्ठी देतात आणि तोंडानं बोलतच नाहीत. २०२२ च्या यादीत पाचव्या नंबरवर होतं, गरोदरपणात जुलाब कसे थांबवायचे. हे वाचून मी थांबलोच. किती साधा प्रश्न आहे. घरात सासू आहे, नणंद आहे, गावात आशाताई आहे, सरकारी दवाखाना आहे, तरी पोरगी रात्री मोबाइलवर विचारते. कदाचित सासूनं सांगितलेलं काही खाऊनच झाले असतील. कोणाला विचारायचं नाही म्हणून गूगलला विचारलेलं, असले प्रश्न शोधा तुमच्या क्विझसाठी, आयपीएल सगळ्यांनाच माहीत आहे. आणि कृपा करून उत्तर म्हणून घरगुती उपाय सांगू नका, अशा वेळी डॉक्टरकडेच पाठवायचं.

---

खामल्याचा_वाचक

हे भारी सांगितलं. धंतोलीवाले, रात्रीचं वेगळं काढता येतं का पण? मला तेच पाहायचंय, कोणी बघत नसताना काय विचारतात.

---

मिहानवाला

येतं. गेल्या सात दिवसांचा ग्राफ लावला की तासातासाचं दिसतं. झोप येत नाही, दातदुखी, छातीत जळजळ असले शब्द टाका आणि रात्री किती वाजता वर जातात ते बघा. एकट्या नागपूरसाठी लावलंत तर बरेचदा ० चीच रांग दिसेल, पूर्ण भारत घ्या.

माणूस एकेकटा पाहायचा नादही करू नका. २००६ ला एओएल कंपनीनं संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाख लोकांचे दोनेक कोटी सर्च जाहीर टाकले होते, नावं काढून, फक्त नंबर देऊन. थोड्याच दिवसांत पत्रकारांनी त्या सर्चवरून एका म्हाताऱ्या बाईचं घर शोधून काढलं, कारण माणूस आपलं गाव, आपलं आडनाव, आपलं दुखणं, आपला कुत्रा, सगळं त्याच खिडकीत टाकत असतो. म्हणून आता एकत्र आणि गोल केलेलंच दाखवतात. ते आपल्यासाठी बरंच आहे.

२३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला त्या पहाटे आमच्या घरातून एकामागे एक काय शोधलं गेलं ते मला माझ्या हिस्ट्रीत आजही दिसतं. नागपूर पाऊस. अंबाझरी. मग कॉर्पोरेशन कॉलनी, तिथे मावशी राहते. मग बोट, रेस्क्यू नंबर. दुपारी गाडीत पाणी गेलं तर सुरू करावी का. संध्याकाळी इन्शुरन्स. दोन दिवसांनी फ्रिज वाळवल्यावर चालतो का. हे असं ओळीनं वाचलं तर कळतं काय झालं होतं. ट्रेंड्समध्ये यातला एकेक शब्द वेगवेगळ्या ग्राफमध्ये जाऊन पडतो.

---

होस्टेल_नंबर_दोन

तुम्ही लोक अजून गूगल करता?? आमच्या होस्टेलला कोणी काही शोधायचं असेल तर यूट्यूब नाहीतर चॅटजीपीटी. जेवायला कुठे जायचं ते इन्स्टावर बघतो. सावजीमध्ये कुठलं कमी तिखट ते पण रील बघून ठरवलं, तरी रडलो ते सोडा. ट्रेंड्समध्ये यूट्यूब सर्च वेगळं निवडता येतं हे मला माहीत आहे, पण चॅटजीपीटीला काय विचारतो त्याचा ग्राफ कुठे आहे? मी ब्रेकअपनंतर जे विचारलं ते कुठल्याच यादीत नको यायला 🙏

---

महालची_बाई

हाच मुद्दा आहे खरं तर. माझ्या वर्गातली मोठी पोरं पण तिकडेच गेली. निबंध आता सगळ्यांचे वेगवेगळे असतात आणि एकाचाही नसतो.

---

सेतूवाला_भाऊ

आमच्याकडं पण आलं ते. पोट्टे आता अर्ज चॅटजीपीटीवरून लिहून आणते, एकदम शुद्ध मराठी, "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून", आन खाली "आपले नाव येथे लिहा" तसंच राह्यलेलं असते. परवा एकानं तसाच तहसीलमधी देऊन दिला, त्याईनं परत पाठवला. मी ते खोडतो, नाव टाकतो, आन प्रिंटचे दहा रुपये घेतो.